खोली अकरा : कुटुंबाचं पान

२ फेब्रुवारी, सोमवार

आज घडलं ते क्रमाने :

१. सकाळी पावणेनऊला आई आणि मी वृद्धनिवासात पोचलो. सामान : तीन बॅगा, एक कुंडी, आईची उशी.

२. आईला पहिल्या मजल्यावरची खोली अकरा मिळाली. इथे काम करणाऱ्याच्या आईला किंवा वडिलांना खोली मिळते. मी नोकरी त्यासाठीच घेतली.

३. मला तळमजल्यावर, औषधांच्या खोलीशेजारी जागा मिळाली. टेबल भिंतीकडे तोंड करून आहे. मला तसंच आवडतं.

४. इथल्या नोंदींचा सगळा प्रोग्राम आजपासून माझ्याकडे. आधीचा प्रोग्रामर एकही टीप न लिहिता गेला.

५. दुपारपर्यंत आईच्या चार ओळखी झाल्या. माझी एक.

ती एक म्हणजे मोठ्या सिस्टर. सगळा मजला त्यांच्या आवाजावर चालतो. आईने त्यांना तिची आवडती गोष्ट लगेच सांगून टाकली : मी सहा वर्षांची असताना वेळ कुठे ठेवलेली असते ते बघायला घड्याळ उघडलं, मला ते परत बंद करता येईना, आणि घरात वर्षभर घड्याळ नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, मग आमचा प्रोग्राम उघडायच्या आधी विचारा हो बाई. आई हसून हसून खोकली.

अंगणातून जाताना तिने माझ्या बाहीचं टोक धरलं. ती हात धरत नाही. लहानपणी मला हात धरलेला आवडायचा नाही, तेव्हापासून बाही.

बरं वाटतंय. हे लिहून ठेवते, कारण मला असं क्वचित वाटतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

फॉर्म समजून घेतला. प्रत्येक रहिवाशाचा एक फॉर्म, त्याचे चार गट : चालणं, बोलणं, जेवण-झोप, कुटुंब. सिस्टर रोज सकाळी टॅब्लेटवर भरतात. एकूण प्रश्न शहाऐंशी. सेव्ह केलं की पान सर्व्हरवर जातं, आणि सर्व्हर जे आलं ते जुन्यावर लिहितो. महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला मुख्य कार्यालयातून सगळ्या नोंदींना कुलूप लागतं. तेव्हा जी चौकट कोरी असेल तिच्यात ‘लागू नाही’ असं कायमचं उमटतं. कुलपाचा कोड माझ्या हातात नाही.

आईचं कुटुंबाचं पान मी स्वतः भरलं. मुलगा एक, जहाजावर. मुलगी एक, इथेच नोकरीला. ‘आठवणी व सवयी’ ही मोठी चौकट होती. तिथे काय लिहावं कळेना. ‘मुलीला ठमे म्हणते’ एवढं लिहिलं.

दादाला ईमेल केली. जहाज बंदराला लागलं की वाचेल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सिस्टरांची तक्रार आली, आणि ती रास्त आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल फॉर्म विचारतो, जिने किती चढला? त्या म्हणाल्या, रोज सकाळी तुमचा फॉर्म माझी अक्कल काढतो. व्यवस्थापक साहेबांनी मान डोलावली. ते शक्यतो तेवढंच करतात.

उपाय सोपा आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर त्या गटाच्या सगळ्या चौकटी बंद करायच्या : राखाडी, बोट लावलं तरी न हलणाऱ्या. उत्तर ‘हो’ झालं की पुन्हा चालू. पंधरा ओळींचं काम.

९ फेब्रुवारी, सोमवार

नियम चालू केला. शहाऐंशीचे काही ठिकाणी बत्तीस प्रश्न झाले. सिस्टरांनी मला चहा आणून दिला. इथे हा मान मोठा समजला जातो, असं आईने वरून येऊन सांगितलं. तिला सगळ्या बातम्या माझ्याआधी कळतात.

१० फेब्रुवारी, मंगळवार

एक नियम स्वतःहून वाढवला. कुटुंबाच्या पानावर रोज विचारतात : आज कोण भेटलं, किती वेळ, काय बोलणं झालं. मी तर इथेच असते. आईशी काय बोलले ते सिस्टरांनी वाचावं, हे मला नको होतं. म्हणून : नातेवाईक कर्मचारी असेल तर कुटुंबाचा गट बंद. इथे असा नातेवाईक एकच आहे.

आईला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

खोली चारमध्ये पोस्टमनकाका राहतात. चाळीस वर्षं पत्रं वाटली, अजून रोज सकाळी तोच फेरा घालतात : फाटक, नळ, बाक, परत. कालपासून ते उठलेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, पाय धडधाकट आहेत. काका म्हणाले, पाय आहेत हो, पण त्यांच्याकडे काही कामच नाही आलेलं.

परवा त्यांना सर्दी होती. झोपून होते, म्हणून सिस्टरांनी ‘चालतात : नाही’ भरलं. गट बंद झाला. तो तसाच आहे.

घाईत आहे. आईला दाराच्या काचेतून हात केला. तिनेही केला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

खोली सातमधल्या शिवणबाई बोलत नाहीत.

काल सकाळी सिस्टर फॉर्म घेऊन गेल्या तेव्हा बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, झग्याचा काठ दुमडत होत्या. विचारलं, त्यांनी नुसती मान हलवली. सिस्टरांना घाई होती. ‘बोलतात : नाही.’ आज टाचण्या काढल्या आहेत. ओठ उघडतात, मिटतात. बाई घाबरलेल्या दिसत नाहीत. आपल्याला काही विचारलं आहे, असंच त्यांना वाटत नाही.

सिस्टर म्हणाल्या, तुमचा फॉर्म चावतो की काय हो? मी हसले. मग वेळा तपासल्या. दोन्ही वेळा आधी सेव्ह, मग बिघाड. उलट एकदाही नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या चुका दोन आहेत.

पहिली : गट बंद करताना पहिला प्रश्नही मी त्याच गटात ठेवला. ‘नाही’ म्हटल्यावर ‘हो’ म्हणायची चौकटही बंद होते. आत कोंडलेल्याकडेच किल्ली.

दुसरी : बंद चौकटीतली माहिती ब्राउझर पाठवत नाही. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. सर्व्हरला ती आलीच नाही, म्हणून त्याने तिथे कोरं लिहिलं. चौकट फक्त वाचण्यापुरती ठेवली असती तर दिसली असती, बदलता आली नसती, आणि सर्व्हरकडे गेलीही असती. एका शब्दाचा फरक.

कोडमध्ये हे असं आहे. माणसांत असं का व्हावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी ते मांडून ठेवते आहे, मानते आहे असं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पोस्टमनकाकांचा आणि शिवणबाईंचा गट हाताने उघडला. अर्ध्या तासात काका उठले. सिस्टर टाळ्या वाजवत मागे गेल्या.

काका सरळ चालत भिंतीपर्यंत गेले आणि भिंतीला नाक लावून उभे राहिले. वळायचं कुठे ते त्यांना माहीत नव्हतं. ‘रोजचा फेरा’ ही चौकट कोरी होती.

शिवणबाई बोलल्या. पाणी हवंय का, असं विचारलं तर म्हणाल्या, पाणी हवंय का. बसता का, विचारलं तर, बसता का. स्वतःचं एक वाक्य नाही.

चौकट उघडता येते. आतलं परत येत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सिस्टरांनी काकांचा फेरा आठवून भरला. फाटक, नळ, बाक, परत. काका चालू लागले. तेवढंच. बाकावर बसणं सिस्टर लिहायला विसरल्या, म्हणून काका बाकापाशी पोचतात, उभे राहतात, वळतात. त्यांनी लगेच ‘बसतात’ असं वाढवलं. मग बसले.

मग त्या जिन्यात येऊन रडल्या. मला म्हणाल्या, मला आठवत होतं म्हणून, बाई. मला आठवत नसतं तर?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज आईच्या खोलीत जाऊन बसले. नऊ दिवसांनी. नऊ दिवस काचेतून हात केला, तिने केला, मला वाटलं सगळं ठीक आहे. हात तर कोणीही कोणालाही करतं.

ती उठून उभी राहिली. म्हणाली, बसा ना. कोणाकडे आलात?

मी म्हटलं, आई. ती म्हणाली, अहो, तुमच्या आई कुठल्या खोलीत आहेत? सिस्टरांना विचारू या का? फार प्रेमाने म्हणाली. परक्या मुलीशी बोलावं तसं.

१० तारखेचा नियम, चुका मोजताना मी विसरलेला. कुटुंबाचा गट मी बंद केला. नऊ दिवस रोज सकाळी कोरं पान सेव्ह झालं. बॅकअप दोनच दिवसांचे ठेवतात.

गट उघडला. सगळ्या चौकटी पांढऱ्या. सगळ्या रिकाम्या.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा भरलं. मुलगा एक. मुलगी एक, माझं नाव. सेव्ह. वर धावत गेले.

आई म्हणाली, हो, मला एक मुलगी आहे. तुम्ही.

पाटी वाचावी तसं. मी विचारलं, मी लहानपणी कशी होते? तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी प्रामाणिकपणे शोधलं. म्हणाली, ते मला दिलेलं नाही.

म्हणजे जेवढं लिहू तेवढंच. मग सगळं लिहायचं. उद्या पूर्ण दिवस बसते. अडतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही ओव्हरटाइम न केलेल्या बाईची मुलगी आहे मी, असं स्वतःशी म्हटलं. विनोद कोणी ऐकला नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी नऊ ते दुपारी दोन. चार ओळी झाल्या. घर आठवतं, ओटा आठवतो, ओट्यापाशी कोणीतरी उभं आहे, पाठ दिसते. वळत नाही.

मला असं लिहायची सवय नाही, म्हणून असेल.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सवयीचा प्रश्न नाही.

माझं कर्मचाऱ्याचं पान उघडलं. ‘जवळचे नातेवाईक’ हा गट दर सोमवारी आईच्या पानावरून आपोआप भरतो. गेल्या सोमवारी तिथून कोरं आलं. आज मुलगी एक, मुलगा एक, एवढं आलं. आईच्या नावाची चौकट तिच्या पानावर नसतेच, ती फक्त माझ्या पानावर. ती कोरी आहे. मी ती भरायला गेले आणि —

खाली खोलीवार यादीत बघून लिहिलं. म्हणजे मला यादी बघावी लागली.

पोस्टमनकाकांचे पाय एका दिवसात गेले. मला वेळ लागतो आहे, कारण काका वही लिहीत नव्हते. मी लिहिते. पहिल्या पानापासून वाचून काढली. तिच्याबद्दल इतकंच आहे : घड्याळाची गोष्ट. बाहीचं टोक. ठमे. काचेतून हात. ओव्हरटाइमचा विनोद.

फॉर्मचे नियम मी ओळ न् ओळ लिहिले. ती बातम्या घेऊन वर-खाली करायची तेव्हा काय बोलायची, ते एकदाही नाही. सिस्टरांनी ते वाचावं हे मला नको होतं. या वहीनेही वाचू नये, असं बहुधा वाटत होतं.

हे सगळं तिच्या चौकटीत उतरवलं. सेव्ह.

व्यवस्थापक साहेबांना सांगितलं, या महिन्याचं कुलूप थांबवा. ते म्हणाले, ते मुख्य कार्यालयाचं, आपल्या हातात नाही. मान डोलावली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सिस्टर म्हणाल्या, मला जे ठाऊक आहे ते मी भरते. त्यांना तीन आठवड्यांचंच ठाऊक. त्यांनी लिहिलं : मुलगी जिना चढताना दिसली की खिडकी सोडून दाराशी येतात. सगळ्यांना सांगतात, माझी आहे.

मला हे माहीत नव्हतं.

दादाला ईमेल केली. जहाज अजून बंदराला लागलेलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

अंगणातून जात होते. एक म्हाताऱ्या बाई शेजारी चालत होत्या. त्यांनी माझ्या बाहीचं टोक धरलं.

मी हात मागे ओढला. विचारलं, काय हवंय आपल्याला?

त्या फार शरमल्या. म्हणाल्या, असं धरायचं असतं असं लिहिलंय.

टेबलाशी येऊन वही वाचली तेव्हा कळलं. दोन तासांनी. धावत गेले, त्या खिडकीशी होत्या. दाराशी आल्या. मी बाही पुढे केली. त्यांनी धरली नाही. म्हणाल्या, तुम्हाला आवडत नाही ना?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

खोली अकरामधल्या बाई म्हणजे आई. हे मनगटावर लिहिलं आहे. वाचते तेव्हा पटतं. वाचत नाही तेव्हा —

सिस्टर म्हणाल्या, दोन्हीकडून रिकामं झालं की भरणार कोण? मग म्हणाल्या, भाऊ आहे ना तुम्हाला. भाऊ आहे. तो नीट आठवतो. त्याच्या मागे घर आठवतं, ओटा आठवतो, पाठ —

आज पाठही नाही. नुसता ओटा.

शनिवारी पाचला कुलूप. मग जिथे कोरं आहे तिथे ‘लागू नाही’. त्यांच्या पानावरही. माझ्याही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

जहाज लागलं. सकाळी दादाची एक ओळ आली : पोचलो, आई कशी आहे?

उत्तर इथे लिहिते, मग उतरवून पाठवते. आता जे वहीत नाही ते राहत नाही.

दादा, तू ज्यांच्याबद्दल विचारलंस त्या खोली अकरामध्ये आहेत. जेवतात, झोपतात, तब्येत बरी आहे. सोबत रिकामं पान जोडलं आहे. तुला आठवतं ते सगळं त्यात भर. त्या माझ्यावर कशा रागवायच्या, मी आजारी पडले की कुठे बसायच्या, मी घर सोडून शिकायला गेले त्या दिवशी काय म्हणाल्या. खोटं भरू नकोस. जे लिहिशील तेवढंच आम्ही दोघी होणार आहोत.

त्या आत्ता दारात उभ्या आहेत. सिस्टरांनी लिहिलंय म्हणून येतात. हसताहेत. मीही हसते आहे. दोघींनाही पुढे काय करायचं ते —

तुझ्या जहाजावरची वेळ वेगळी असेल, म्हणून इथली सांगते. उद्या, शनिवार, २८ फेब्रुवारी, दुपारी चारच्या आत उत्तर पाठव. भरायला मला एक तास लागेल. सगळं जमलं नाही तर एक ओळ पाठव, पण चारच्या आत पाठव. त्या मला काय लागतात ते मनगटावर आहे. मी त्यांची —